पन्नाशीनंतर शांतता हवी असेल तर ध्यानाला सगळ्यात शेवटी बसा

पन्नाशी उलटली की शांततेचे सल्ले फुकट मिळायला लागतात. पहाटे उठा, ध्यान करा, अपेक्षा कमी करा, सोडून द्यायला शिका. यातलं चुकीचं काहीच नाही, पण क्रम उलटा आहे. ज्याला रात्री तीनला जाग येते, ज्याचा खांदा महिनाभर दुखतोय, विम्याचे कागद कुठे ठेवलेत हे ज्याला आठवत नाही आणि आईच्या आजारपणावरून ज्याचं भावंडांशी वाजलंय, त्याला डोळे मिटून बसवलं तर मिटल्या डोळ्यांपुढे हेच चार विषय हजर होतात. दहा मिनिटांत तो उठतो आणि म्हणतो, 'ध्यान हा आपला प्रांत नाही.'

म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. या वयातल्या अस्वस्थतेचा बराच भाग नेमक्या, हाताला लागणाऱ्या कारणांतून येतो. ती कारणं एकेक करून बाजूला काढायची. आधी शरीर, मग झोप, मग ताकद, मग कागद आणि पैसा, मग माणसं, मग रिकामा वेळ, आणि नंतर शांत बसणं. सगळं एकदम सुरू केलंत तर दोन आठवड्यांत सगळंच सुटेल. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची घ्या. एकेका पायरीला महिना लागला तरी हरकत नाही.

सुरुवातीलाच एक दिलासा. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ओस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतली माहिती एकत्र मांडली. आयुष्याबद्दलचं समाधान तरुणपणापासून हळूहळू उतरतं, मध्यमवयात तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढू लागतं, असं त्यांना दिसलं. हा आलेख सगळीकडे असाच असतो का, यावर संशोधकांचे मतभेद आहेत, आणि सरासरीवरून कुणा एकाचं पुढचं आयुष्य सांगता येत नाही. तरीही 'आता उतरणच' हे जे आपण गृहीत धरून बसतो, त्याला फारसा आधार नाही एवढं नक्की.

पायरी पहिली : स्वभावाला दोष देण्याआधी तपासणी

चिडचिड, धडधड, उदासी, विसराळूपणा. पन्नाशीत यातलं काही दिसलं की आपण ते वयाच्या नाहीतर स्वभावाच्या नावावर टाकून मोकळे होतो. घरचेही तेच करतात: 'हल्ली फार चिडतात.' पण थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर छातीत धडधड, हात थरथरणं आणि विनाकारण बेचैनी येते. कमी काम करत असेल तर सुस्ती, थंडी सहन न होणं आणि मन मलूल राहणं. बी १२ जीवनसत्त्व कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, उदास वाटतं. वय वाढतं तसं अन्नातलं बी १२ शोषून घेण्याची पोटाची क्षमता कमी होते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी आढळते. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असेल तरी माणूस दमतो आणि दमला की चिडतो. ही कारणं रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. वर्षभर मनाशी झगडण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. रक्तदाब आणि साखर तर मोजाच, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही.

स्त्रियांसाठी एक वेगळी गोष्ट. बहुतेकींची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते, पण संप्रेरकांची वर-खाली त्याआधी काही वर्षं सुरू झालेली असते. रात्री घामाने जाग येणं, अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं वाटणं, पूर्वी कधी नसलेली भीती किंवा रडू येणं, सांधे दुखणं, हे सगळं त्या काळात येऊ शकतं. यावर उपचार आहेत. हार्मोनच्या औषधांपासून इतर औषधांपर्यंत पर्याय आहेत आणि कुणाला काय चालेल हे प्रकृतीवर ठरतं. 'प्रत्येकीला होतं, सहन करायचं' असं सांगणाऱ्या व्यक्तीचं मन राखा, पण भेट स्त्रीरोगतज्ज्ञांची घ्या. पाळी पूर्ण थांबल्यावर वर्षभराने पुन्हा रक्तस्राव झाला तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच दाखवा.

पुरुषांचा मुद्दा ते सहसा सांगत नाहीत. लघवीला रात्री तीन-तीनदा उठावं लागत असेल तर झोप तुटते, आणि झोपेचा राग दिवसभर घरावर निघतो. प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे आणि तेही औषधांनी बऱ्याच प्रमाणात आटोक्यात येतं.

आणि कान. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे माणसाला आवाज येत असतो, पण स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात आणि शब्द अर्धवट पोचतो. शांत खोलीत सगळं नीट चाललेलं असतं. चार माणसं एकदम बोलायला लागली किंवा मागे टीव्ही सुरू असला की गोंधळ. मग 'तुम्ही हल्ली पुटपुटता' आणि 'तुझं लक्षच नसतं' या वाक्यांची देवाणघेवाण सुरू होते. घरातल्या अनेक कुरबुरींचं मूळ मनात नसून कानात असतं, असं माझं ठाम मत आहे. ऐकण्याची तपासणी वेदनारहित असते आणि तासाभरात होते. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग श्रवणयंत्राला लाजायचं कारण उरत नाही. न ऐकू येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठतो, मग बैठकीलाच जात नाही. आणि मध्यमवयातली उपचार न केलेली बहिरेपणाची सुरुवात ही पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत गणली जाते.

पायरी दुसरी : झोप

तब्येतीचं मोठं कारण नाही असं कळलं की सगळी ताकद झोपेवर लावा. झोप सुधारली की बाकीच्या पायऱ्या अर्ध्या सोप्या होतात.

आधी काय बदललंय ते समजून घेऊ. वय वाढतं तसा गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप हलकी होते आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. मध्यरात्री एक-दोनदा जाग येणं हा बिघाड नाही. बिघाड त्यानंतर सुरू होतो. जाग येते, घड्याळाकडे नजर जाते, 'तीन वाजले, आता चारच तास राहिले' असा हिशेब होतो, हिशेबामुळे धास्ती वाढते आणि धास्तीमुळे झोप पळते. म्हणून पहिलं काम असं की घड्याळ आणि फोन अंथरुणातून दिसणार नाहीत अशा जागी ठेवा. गजर ऐकू आला म्हणजे झालं, वेळ दिसायची गरज नाही.

नंतर उठण्याची वेळ पक्की करा. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात जा. सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला किल्ली देतो. ढगाळ दिवसाचा बाहेरचा प्रकाशही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

तिसरं, अंथरूण फक्त झोपेसाठी. १९७२ साली रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशासाठी एक साधी पद्धत मांडली आणि ती आजही उपचारांचा कणा आहे. झोप आली तरच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं (अंदाजाने, घड्याळ बघून नव्हे) तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी नीरस करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. लागलं तर रात्रीत चारदा. पहिल्या काही रात्री ही पद्धत छळते आणि लोक तिथेच सोडतात. दोन-तीन आठवडे टिकलात तर मेंदू अंथरुणाची गाठ जागरणाशी न बांधता झोपेशी बांधायला लागतो.

चहा-कॉफीचं गणित करून ठेवा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला सरासरी पाचेक तास लागतात. काहींना बरेच जास्त. संध्याकाळी पाचची कॉफी रात्री दहाला अर्धी जागीच असते. तरुणपणी चालायचं ते आता चालेलच असं नाही, म्हणून दुपारनंतर बंद करून दोन आठवडे बघा. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्र ती मोडते. दुपारची डुलकी हवी असेल तर अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी.

घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास थांबतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल, आठ तास झोपूनही दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर वरचं काहीही पुरेसं पडणार नाही. हा झोपेतला श्वासरोध असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्येही त्याचं प्रमाण वाढतं. त्याची स्वतंत्र तपासणी असते.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एवढंच सांगतो की त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. वाढत्या वयात काही गोळ्यांनी तोल जाणं, पडणं, सकाळी डोकं जड राहणं वाढतं. जुन्या निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये जो पहिला उपचार सुचवला तो गोळी नसून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आहे. बूटझिनचे नियम तिचाच भाग आहेत.

रात्री तीनच्या विचारांसाठी एक वही ठेवा, पण ती संध्याकाळी उघडायची. जेवणाआधी पंधरा मिनिटं बसून डोक्यात घोळणारे विषय लिहा आणि प्रत्येकापुढे पुढची एकच कृती लिहा: 'शुक्रवारी फोन करणे', 'पावती शोधणे'. काही विषयांपुढे लिहिण्यासारखी कृतीच नसते. तिथे तसंच लिहा. मग रात्री तोच विषय आला की त्याची नोंद झालेली आहे हे मनाला सांगता येतं. आणि रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात आयुष्यातला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा नियम. त्या वेळेतले निष्कर्ष उजेडात फार कमी वेळा टिकतात.

पायरी तिसरी : पायांत ताकद

शांततेच्या लेखात स्नायू कशाला, असं वाटेल. पण भीतीचा एक मोठा भाग शरीराचा भरवसा न वाटण्यातून येतो. जिना चढताना गुडघा दगा देईल, पिशवी उचलताना कंबर धरेल, अंघोळीच्या जागी पाय घसरेल अशी धाकधूक सतत चालू असते आणि ती आपल्याला जाणवतही नाही.

तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचं वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतं आणि पुढे हा वेग वाढतो. नुसत्या चालण्याने हे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना अशा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग जवळजवळ सगळे गाळतात.

सुरुवात घरीच करा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तेवढ्या वेळा. भिंतीला हात टेकून दंडांचा व्यायाम. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. दात घासताना आधाराला एक हात ठेवून एका पायावर उभं राहणं, मग दुसऱ्या. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. वाढवलं नाही तर स्नायूला बदलायचं कारणच मिळत नाही. छातीत दुखणं, हृदयविकार किंवा सांध्याचं मोठं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उशीर झाला असं वाटत असेल त्यांच्यासाठी: १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम केले आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. तुम्ही तर अजून पन्नाशीतच आहात.

पायरी चौथी : कागद आणि पैसा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि परिणाम सगळ्यात झटपट देते. एक फाइल करा. बँक खाती, ठेवी, कर्जं, विमा, निवृत्तिवेतन, घराचे कागद, प्रत्येक ठिकाणी वारस म्हणून कुणाचं नाव दिलंय, कुणाकडून येणं आणि कुणाला देणं आहे. एका पानावर तुमच्या औषधांची नावं आणि मात्रा, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि डॉक्टरांचा नंबर. पासवर्ड वेगळे आणि सुरक्षित जागी. ही फाइल कुठे आहे ते किमान एका विश्वासाच्या माणसाला सांगा. नाहीतर फाइल करून उपयोग काय? वर्षातून एकदा, लक्षात राहील असा दिवस ठरवून, ती उघडून ताजी करा.

मृत्युपत्र करायचं राहिलं असेल तर तुमच्या इथला कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून करून घ्या. मृत्युपत्र केल्याने माणूस लवकर मरत नाही, हे वाक्य हास्यास्पद वाटतं, पण आजही कितीतरी जणांच्या मनातली अडचण नेमकी हीच असते. गंभीर आजारात तुमच्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा आणि तुम्हाला काय नको आहे, हेही बोलून ठेवा. जेवणाच्या वेळी हा विषय काढू नका, एवढंच.

पैशाबाबत एकच काम. वर्षाचा खरा खर्च लिहून काढा. महिन्याचा नाही, वर्षाचा, कारण विमा, दुरुस्त्या, प्रवास, दवाखाना हे महिन्याच्या हिशेबात लपतात. त्यापुढे मिळकत आणि साठवण लिहा. आकडा वाईट निघाला तरी तो कळलेला बरा. न मोजलेल्या पैशाची भीती अमर्याद असते. मोजलेल्या तुटीवर काहीतरी करता येतं: दोन वर्षं जास्त काम, एखादा खर्च कमी, एखादं कर्ज आधी फेडणं.

पायरी पाचवी : माणसं

इथे घाई करू नका. पहिल्या चार पायऱ्या एकट्याने करता येतात, ही नाही.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. त्यात त्याच माणसांची आयुष्यं दशकानुदशकं नोंदवली गेली. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते: ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जितका आला नाही तितका पन्नाशीत माणूस आपल्या नात्यांबद्दल किती समाधानी होता यावरून आला. नात्यांत भांडणं नव्हती असं मात्र नाही. अडचणीच्या वेळी हा माणूस येईल, हा भरवसा होता.

मुलं. ती मोठी झालेली असतात आणि आपलं काम बदललेलं असतं, पण बदललेल्या कामाची नेमणूक कुणी हातात देत नाही. एक नियम उपयोगी पडतो: विचारल्याशिवाय सल्ला नाही. राहवत नसेल तर आधी विचारा, 'माझं मत हवंय की नुसतं ऐकू?' नव्वद टक्के वेळा नुसतं ऐकायचं असतं, असं आपल्याला कळतं, आणि मुलं जास्त फोन करायला लागतात. मूल घराबाहेर पडल्यावर येणारी पोकळी खरी असते. ती भरून काढायला त्याच्याच आयुष्यात जास्त शिरलात तर दोघंही गुदमरता.

आईवडील. पन्नाशीतल्या अनेकांची झोप मुलांपेक्षा आईवडिलांमुळे जास्त उडते. भावंडांत यावरून वितुष्ट येतं ते बहुतेकदा कामाच्या वाटणीवरून, आणि वाटणी कधी बोलूनच झालेली नसते. 'तुम्हाला काही वाटत नाही का?' या वाक्याने ती होत नाही. सगळ्यांना एकत्र बसवा, कामांची यादी करा: औषधं आणणं, डॉक्टरांकडे नेणं, पैसे, रात्रीची सोबत, रोजचा फोन. मग नावं घाला. लांब राहणाऱ्याने पैसा किंवा फोनवरची कामं उचलावीत. जवळ राहणाऱ्याला वर्षातून काही दिवस पूर्ण सुट्टी मिळावी. जो प्रत्यक्ष करतो त्याच्या पद्धतीत लांबून चुका काढायच्या नाहीत, हेही त्याच यादीत लिहून टाका. कोण चिडलं तरी चालेल, पण हे लेखी असू द्या.

जोडीदार. वीस-पंचवीस वर्षं मुलं, कर्ज, नोकरी हे विषय पुरले. ते विषय संपत आले की समोरच्या माणसाशी काय बोलायचं असा प्रश्न पडतो आणि त्याची लाज वाटते. लाजू नका, हे फार जणांचं होतं. रोज संध्याकाळी अर्धा तास एकत्र चाला. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी बोलणं सोपं जातं. आणि उलट बाजूही जपा. दोघांपैकी एक निवृत्त होऊन दिवसभर घरात दिसायला लागला की दुसऱ्याच्या दिवसावर अतिक्रमण होतं. कुणाची कुठली जागा, कुणाचे कुठले तास, स्वयंपाकघर कुणाच्या राज्यात, हे निवृत्तीच्या आधी ठरवा. निवृत्तीनंतर ठरवायला गेलं तर ते भांडण वाटतं.

एकटे राहणाऱ्यांनी जोडीदाराचा परिच्छेद वाचून हळहळू नये. एकटं राहणं आणि एकाकी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि भरल्या घरात एकाकी असलेली माणसं कमी नाहीत. फक्त दोन सोयी करा: रोज एका माणसाशी ठरलेल्या वेळी बोलणं, आणि घराची एक किल्ली शेजारी किंवा जवळच्या कुणाकडे.

मित्रमंडळ या वयात लहान होतं. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की वेळ मर्यादित आहे याची जाणीव झाली की माणसं आपोआप ओळखीपाळखी कमी करतात आणि जवळच्या माणसांना जास्त वेळ देतात. म्हणजे चार समारंभ टाळून एका मित्राकडे जावंसं वाटणं हा घुमेपणा नव्हे. 'नाही' म्हणायला शिका: छोटं, सौम्य आणि कारणांची माळ न लावता. 'या वेळी जमणार नाही' एवढं पुरतं. लांबलचक कारण दिलं की समोरचा त्यातलं एकेक खोडून काढतो आणि तुम्ही तिथे जाऊन बसलेले असता.

जुना राग कुणावर असेल तर लगेच माफ करण्याचा आग्रह स्वतःला करू नका. माफ करणं ठरवून जमत नाही. काहींशी बोलून मिटवता येतं, काहींशी फक्त अंतर ठेवता येतं, आणि दुसरा पर्यायही पुरेसा सन्मानाचा आहे.

पायरी सहावी : रिकाम्या वेळाला आकार

निवृत्ती जवळ असेल तर 'मग निवांत' हा बेत अपुरा आहे. पहिले काही महिने छान जातात. नंतर सोमवार आणि रविवार सारखेच व्हायला लागतात. आठवड्यात दोन तरी गोष्टी अशा ठेवा ज्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, घराबाहेर आणि इतर माणसांबरोबर होतात. शिवाय एक गोष्ट अशी शिका जी तुम्हाला मुळीच येत नाही: भाषा, वाद्य, सुतारकाम, काहीही. नवशिक्या होण्यात एक मोकळीक असते. तिथे तुमच्या हुद्द्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

फोनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. बातम्या दिवसातून ठरवून एकदा. ज्या गटातले संदेश वाचल्यावर दरवेळी डोकं तापतं तो गट गप्प करा. बाहेर पडलात तर चर्चा होते, गप्प केलात तर कुणाला कळत नाही.

पायरी सातवी : आता बसा

एवढं झालं की बसायला हरकत नाही. अगदी साध्या श्वासापासून सुरुवात करा. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आत घेताना किंचित वाढतात; हे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेमुळे होतं. म्हणून सोडणं लांबवायचं. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर नेहमीसारखा श्वास घ्या, ओढूनताणून करू नका.

अंग आखडलेलं राहत असेल तर एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत विकसित केलेली पद्धत वापरा: पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग पाचेक सेकंद आवळायचा आणि एकदम सैल सोडायचा. आवळल्यावर सैल म्हणजे काय ते शरीराला कळतं. जबडा आणि खांदे विसरू नका, बहुतेकांचा दिवसभराचा ताण तिथेच साठतो.

डोळे मिटून बसल्यावर काहींची अस्वस्थता उलट वाढते, विशेषतः जुना आघात किंवा ताजं दुःख असेल तेव्हा. अशांनी बसू नये. सावकाश चालावं, मातीत काम करावं, हाताने काहीतरी विणावं किंवा तासावं. कुणी 'तरीही बसाच' म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

रोज एकाच वेळी, आधीच अंगात मुरलेल्या एखाद्या सवयीला जोडून बसलं तर टिकतं. तुटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. भरपाई म्हणून दुप्पट वेळ बसण्याची गरज नाही.

या पायऱ्या ज्यांच्यासाठी नाहीत

दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, भूक किंवा वजन बदललं असेल, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटत असेल, तर ते वय झाल्याचं लक्षण नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. पुरुषांत तो कधीकधी उदासीऐवजी संतापाच्या, दारूच्या किंवा सतत कामात बुडण्याच्या रूपात दिसतो, म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही. जगणं नको असं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. घरातल्या माणसाला, डॉक्टरांना किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन मदत क्रमांकावर. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, आणि कुणी असं बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडू नका.

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला जाताना तीन गोष्टी लिहून न्या: हे कधीपासून सुरू झालं, झोप आणि भूक कशी आहे, आणि कुठली औषधं चालू आहेत. समोर बसल्यावर अर्धं विसरायला होतं. शक्य असेल तर रोज तुम्हाला बघणारं एक माणूस बरोबर न्या. त्याने पाहिलेलं आणि तुम्ही सांगितलेलं यात बराच फरक असू शकतो, आणि डॉक्टरांना दोन्ही हवं असतं.